जटामांसी नेमकी कोणती?

दिवाळी जवळ आली की काष्ठौषधींच्या दुकानात उटण्याचं सामान मागणाऱ्यांची गर्दी होते. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, कपूरकाचरी, आंबेहळद अशा पुड्या बांधल्या जातात. गिऱ्हाईक जाणकार असेल तर त्यांत एक पुडी जटामांसीचीही असते. काही घरांत तिला जटामावशी म्हणतात. बोटभर लांबीचे, राठ केसांनी मढलेले तपकिरी तुकडे. वास ओल्या मातीचा, थोडा कस्तुरीकडे झुकणारा, थोडा घामट. तो आवडणारे पुडी नाकाशी धरून बसतात, न आवडणारे ती हातभर लांब ठेवतात. मधला वर्ग मला तरी भेटलेला नाही.

‘माल असली आहे ना?’ असं विचारलं की दुकानदार ‘एकदम असली’ म्हणतो. तो लबाड असतो असं नव्हे. जटामांसी उगवते हिमालयात, तीन ते पाच हजार मीटर उंचीवर. ती खणणारा, पाठीवरून खाली आणणारा, गोळा करणारा, घाऊक बाजारात विकणारा, अशा हातांतून फिरत ती पेठेत येते. या साखळीतल्या शेवटच्या माणसानं ते झाड कधी पाहिलेलंच नसतं. त्याच्यापर्यंत पोचतं ते वाळलेलं भूमिगत खोड आणि एक नाव. तगर आणि भूतकेशी याही हिमालयातल्याच. त्यांचीही मुळं, खोडं वाळवून, पोत्यांत भरून याच वाटेनं खाली येतात. पानं नाहीत, फुलं नाहीत, उरतो तो वास. आणि वास म्हणजे त्या खोडात साठलेलं तेल. तेव्हा पुडीतली वस्तू कोणती, याचा निवाडा करायचा तर त्या तेलाचीच झडती घ्यावी लागते.

ही झडती कशी घेतात ते या प्रकरणात पाहू. त्यासाठी आपल्याला पुण्यातल्या पाषाणला जायचं आहे आणि त्याहून जास्त वेळ कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये काढायचा आहे. पण सुरुवात कोलकात्याच्या एका न्यायाधीशापासून केलेली बरी.

सर विल्यम जोन्स हे कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. १७८४ मध्ये त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्यांना वनस्पतींचा नाद होता, हे शाळेत सांगत नाहीत. बायबलमध्ये येशूच्या पायांना मरिया जे महागडं सुगंधी तेल लावते ते ‘नार्द’चं. तीनशे दिनारांना विकता आलं असतं असं तेल तिनं वाया घालवलं, अशी तक्रारही त्याच प्रसंगात येते. रोमन लोकांना हे द्रव्य भारताकडून येतं एवढं ठाऊक होतं. पण ते झाड कोणतं? जोन्स यांनी अरबी-फारसी ग्रंथांतला ‘सुंबुल-ए-हिंद’ आणि संस्कृतातली जटामांसी यांचा मेळ घातला, वैद्य-हकिमांना विचारलं आणि १७९० मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या दुसऱ्या खंडात निकाल दिला की नार्द म्हणजेच जटामांसी.

निकाल बरोबर होता. पुरावा मात्र चुकीचा हाती लागला. जोन्स यांनी भूतानकडून जी रोपं मागवली ती जटामांसीची नव्हतीच, ती तगरीच्या कुळातली निघाली. त्या रोपाला त्यांनी ‘व्हॅलेरियाना जटामांसी’ हे नाव देऊन टाकलं. वनस्पतिशास्त्रात नियमानुसार आधी दिलेलं नाव टिकतं, मग ते कितीही गोंधळात टाकणारं असो. त्यामुळे आज ‘व्हॅलेरियाना जटामांसी जोन्स’ म्हणजे तगर, आणि खरी जटामांसी म्हणजे ‘नार्डोस्टॅकिस जटामांसी’. या दुसऱ्या नावापुढे डेव्हिड डॉन आणि द कांदोल या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांची संक्षिप्त नावं लागतात. बाटलीवर लॅटिन नाव छापलेलं असेल आणि त्याच्या शेवटी जोन्स असेल, तर आत तगर आहे असं खुशाल समजावं. दोनशेहून अधिक वर्षं झाली, अजूनही शोधनिबंधांमध्ये या दोन नावांची अदलाबदल होते. वाचणारा जागा नसेल तर तगरीचे गुण जटामांसीच्या खात्यावर जमा होतात.

शंभर वर्षांनी, १८९० च्या आसपास, ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा भारतीय औषधी द्रव्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्याचे तीन लेखक होते: मुंबईत सरकारी औषधसाठ्याचा कारभार पाहणारे विल्यम डायमॉक, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे वॉर्डन आणि उटकमंडला क्विनाइनचं काम करणारे डेव्हिड हूपर. मुंबईच्या बाजाराची माहिती आणि कलकत्त्याच्या प्रयोगशाळेतलं रसायन एका पुस्तकात आलं. द्रव्य ओळखायचं तर बाजारही माहीत हवा आणि प्रयोगशाळाही, ही त्या त्रिकुटाची समज मला आजच्या कित्येक अहवालांपेक्षा पुढची वाटते.

आता तेलाकडे. जटामांसीचं तेल हे शेंगदाण्याच्या तेलासारखं तेल नाही. कागदावर थेंब टाकला तर शेंगदाण्याचा डाग राहतो. जटामांसीचा थेंब बराच वेळ घेईल, पण बहुतेक उडून जाईल. म्हणून याला बाष्पनशील तेल म्हणतात. त्यात चरबी नसते. असतात ते टर्पिन नावाच्या कुळातले रेणू. पाच कार्बनच्या तुकड्यांची जोडणी करून वनस्पती हे रेणू बांधते. दोन तुकडे जोडले की दहा कार्बनचे रेणू होतात, हलके आणि चटकन उडणारे; लिंबाच्या सालीचा किंवा निलगिरीचा वास त्यांचा. तीन तुकडे जोडले की पंधरा कार्बनचे, जड आणि रेंगाळणारे. चंदन, वाळा, नागरमोथा, जटामांसी यांचे वास या पंधरा-कार्बनी कुळातले, म्हणून ते अंगाला दिवसभर चिकटून राहतात. उटण्यात या मंडळींची निवड ज्यांनी केली त्यांना कार्बन मोजता येत नव्हते, पण नाक पक्कं होतं.

तेल काढण्याची रीत जुनीच आहे. भरडलेलं खोड पाण्यात उकळायचं, वाफ थंड करायची, पाण्यावर तरंगणारा थर वेगळा करायचा. प्रयोगशाळेत यासाठी ‘क्लेव्हेंजर’ नावाचं काचेचं उपकरण वापरतात. अमेरिकेतल्या जे. एफ. क्लेव्हेंजर यांनी १९२८ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली आणि त्यानंतर जगभरच्या औषधकोशांनी ती थोड्याफार फरकानं उचलली. त्याची खुबी अशी की थंड झालेलं पाणी परत भांड्यात जातं आणि तेल तेवढं एका खुणा केलेल्या नळीत साठतं. शंभर ग्रॅम जटामांसीतून साधारण एक-दोन मिलिलिटर तेल येतं, आणि त्यासाठी काही तास उकळत बसावं लागतं. नळीतला आकडा वाचला की पहिलं उत्तर मिळालं: माल ताजा आहे की गोदामात पडून सुकलेला. आकडा फारच कमी आला तर पुढे जाण्याआधी व्यापाऱ्याला फोन करावा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. वाफेबरोबर जे येऊ शकतं तेवढंच तेलात येतं. जे जड आहे ते भांड्याच्या तळाशी राहतं, जे नाजूक आहे ते उकळताना मोडतं. तगरीच्या जवळच्या व्हॅलेरियन जातींमध्ये व्हॅलेपोट्रिएट नावाची संयुगं असतात, ती उष्णतेत टिकत नाहीत. तेव्हा तेलाचं विश्लेषण म्हणजे झाडाचं विश्लेषण नव्हे. वैद्य जटामांसीचा काढा देतो किंवा चूर्ण देतो, त्यात बरंच काही असतं जे या तेलात कधी येतच नाही.

याचं चांगलं उदाहरण पुण्याचं आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन १९५० च्या जानेवारीत झालं आणि पहिल्या दोन दशकांतच सुगंधी तेलांच्या रसायनशास्त्रात तिचा दबदबा तयार झाला. एस. सी. भट्टाचार्य यांचा गट वाळा, कोष्ठ, अगरू अशा द्रव्यांच्या मागे लागला होता. सुख देव यांचा गट नागरमोथ्यासारख्या वनस्पती तपासत होता. उटण्याच्या पुडीतले अर्धेअधिक पदार्थ त्या काळी पाषाणच्या टेबलांवर उकळत होते असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. १९६४ मध्ये भट्टाचार्य यांच्या गटानं जटामांसीतून एक नवं संयुग वेगळं केल्याचं ‘टेट्राहेड्रॉन’ या नियतकालिकात जाहीर केलं आणि त्याला ‘जटामांसिन’ नाव दिलं. निबंधावरची नावं शानभाग, मेस्ता, माहेश्वरी, पाकणीकर आणि भट्टाचार्य. पण जटामांसिन हे कुमारिन वर्गातलं जड संयुग. वाफेच्या तेलात ते शोधायला गेलात तर निराश व्हाल. ज्यानं फक्त तेल तपासलं त्याला ते कधीच भेटलं नसतं.

तेलात जे प्रमुखपणे भेटतं त्याचं नाव ‘जटामांसोन’. १९५८ मध्ये मद्रासच्या टी. आर. गोविंदाचारी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्याच्या रचनेवर निबंध लिहिला. त्याच सुमारास युरोपात व्हॅलेरियनच्या मुळांतून ‘व्हॅलेरेनोन’ नावाचं संयुग वेगळं झालं होतं. पुढे कळलं की ही दोन्ही एकच. म्हणजे जोन्स यांनी ज्या दोन वनस्पतींचा गोंधळ केला, त्यांच्या नात्यातली सरमिसळ रेणूंच्या पातळीवरही होतीच. फक्त ती आता चूक न राहता माहिती झाली. रचनेचा उलगडा होताना पहिले अंदाज दुरुस्त करावे लागले. कारण या रेणूत दोन मिथाइल गट शेजारशेजारच्या कार्बनवर, दोन वलयं जिथे जुळतात तिथेच बसलेले आहेत. पाच-पाच कार्बनचे तुकडे सरळ जोडत गेलं तर असं होत नाही. बांधणी चालू असताना वनस्पतीनं एक गट जागेवरून सरकवलेला आहे. टर्पिनच्या नेहमीच्या नियमावर विसंबणारा इथे फसतो.

त्या काळी हे काम किती घाम काढायचं याची कल्पना आज येणं कठीण आहे. किलोंनी माल भरडायचा, अर्क काढायचा, ॲल्युमिना किंवा सिलिका भरलेल्या काचेच्या नळीतून तो थेंबथेंब उतरवायचा, दिवसभर छोट्या बाटल्या बदलत बसायचं. एक संयुग शुद्ध हाती आलं की त्याचं विघटन करून तुकडे ओळखायचे, आणि शेवटी तोच रेणू प्रयोगशाळेत बांधून दाखवायचा, तेव्हा रचना सिद्ध. एका रेणूवर एखाद्याची पीएचडी होत असे. फायदा एकच: त्या माणसाला त्या रेणूबद्दल शंका उरत नसे.

भट्टाचार्य पुढे मुंबईच्या आयआयटीत गेले आणि त्यानंतर कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. या संस्थेचा नवा परिसर आज सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये आहे. आपणही तिकडेच निघालो आहोत.

सॉल्ट लेक ही जागा नावाप्रमाणे खरोखर खाऱ्या पाण्याची दलदल होती. बिधानचंद्र रॉय यांच्या कारकिर्दीत तिथे शहर वसवायचं ठरलं, युगोस्लाव्हियातल्या कंपनीला काम मिळालं, आणि साठच्या दशकात हुगळी नदीतला गाळ उपसून नळांतून पाण्याबरोबर इथे आणून ओतला गेला. नदीचा तळ उचलून शहराची जमीन झाली. सरकारी कागदावर हे बिधाननगर आहे. डॉ. रॉय स्वतः नामांकित वैद्यकीय डॉक्टर होते, तेव्हा इथे औषधांची संशोधन संस्था उभी राहिली यात औचित्य आहे. पण ती उभी केली एका रसायनशास्त्रज्ञ बाईंनी.

असीमा चटर्जी यांचा जन्म १९१७ चा. वडील डॉक्टर, त्यांना वनस्पतींची आवड. स्कॉटिश चर्च कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्यांनी १९४४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची डीएससी मिळवली. भारतीय विद्यापीठातून ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला. नंतर अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि कॅलटेक, स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकला पॉल कारर यांच्याकडे काम. १९६१ मध्ये भटनागर पुरस्कार, तोही मिळवणाऱ्या पहिल्या महिला. १९६२ ते १९८२ खैरा प्राध्यापक. १९७५ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अध्यक्ष आणि त्याच वर्षी पद्मभूषण. सत्येशचंद्र पाक्राशी यांच्यासह त्यांनी भारतीय औषधी वनस्पतींवरचा सहा खंडांचा ग्रंथ संपादित केला. ही पुरस्कारांची यादी इथेच थांबवतो, कारण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. वनस्पतीतलं संयुग वेगळं करणं आणि त्याचं औषध होणं यांच्या मधली दरी त्यांना खुपत होती. एका इमारतीत रसायन आणि तिच्याच आवारात आयुर्वेदिक रुग्णालय, म्हणजे तपासलेलं द्रव्य तपासलेल्या रुग्णाला देता येईल, अशी संस्था त्यांनी डोक्यात धरली. केंद्र आणि राज्य या दोघांना एकत्र आणून ती त्यांनी सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये, सीएन ब्लॉकमध्ये उभी करवली. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेच्या या संस्थेच्या पाटीवरचं नाव पुढे अनेकदा बदललं, जागा तीच राहिली.

अपस्मारावरचं ‘आयुष-५६’ हे औषध असीमाबाईंच्या नावाशी जोडलेलं आहे. त्यात दोनच वनस्पती आहेत. एक सुनिषण्णक, म्हणजे बंगालमधली सुषणी शाक. पाण्याकाठी वाढणारी, चार पाकळ्यांसारखी पानं असलेली नेची. बंगाली घरांत झोप चांगली लागावी म्हणून तिची भाजी खातात, आणि तिच्यातून मार्सिलिन नावाचं संयुग वेगळं केलं गेलं. दुसरी वनस्पती जटामांसी.

म्हणजे दुकानातला तो प्रश्न इथे वेगळ्या गांभीर्यानं उभा राहतो. उटण्यात जटामांसीऐवजी तगर गेली तर फार तर वास बदलेल. फिट येणाऱ्या माणसाच्या गोळीत ती गेली तर? या गोळीचा परिणाम झाला किंवा झाला नाही, असा कोणताही निष्कर्ष काढण्याआधी गोळीत जटामांसीच होती हे ठरायला हवं. सगळं औषध-प्रमाणीकरण या एका अडलेल्या प्रश्नापाशी येऊन थांबतं.

सॉल्ट लेकच्याच सेक्टर एकमधल्या सीजीओ संकुलात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं मुख्यालय आहे. १८९० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचं पश्चिम विभागाचं कार्यालय पुण्यात आहे, आणि सह्याद्रीतल्या झाडाचं नाव पक्कं करायचं असेल तर अभ्यासक तिथे जातात. विश्लेषणाची पहिली पायरी यंत्राशी नसते, ती अशा कार्यालयात असते. ज्या झाडाचं तेल काढलं त्याचा फुलासह वाळवलेला नमुना कागदावर चिकटवून, क्रमांक घालून, वनस्पतिसंग्रहात जमा करायचा. उद्या कुणी शंका काढली तर तो कागद बाहेर काढता येतो. जोन्स यांची चूकही अशीच उघडकीला आली. झाड पुन्हा पाहता आलं म्हणून. बाजारातून आणलेल्या पुडीचं तेल काढून त्यावर झाडाचं लॅटिन नाव लिहिणारे निबंध मला म्हणूनच पटत नाहीत. त्यांनी तपासलं ते दुकान, झाड नव्हे.

आता यंत्राकडे. आज तेलाचं विश्लेषण म्हटलं की जीसी-एमएस. जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी. १९५२ मध्ये ए. टी. जेम्स आणि आर्चर मार्टिन यांनी ती जगापुढे ठेवली. केसाएवढ्या पोकळीची, साधारण तीस मीटर लांबीची काचेची नळी गुंडाळून भट्टीत ठेवलेली असते. आतल्या बाजूला एक अतिशय पातळ थर. तेलाचा सूक्ष्म अंश सुईनं आत सोडायचा, हेलियम वायू त्याला पुढे ढकलतो, आणि भट्टीचं तापमान मिनिटाला दोन-तीन अंशांनी वाढवत नेतात. हलके रेणू लवकर बाहेर पडतात, जड आणि थराला चिकटणारे मागे राहतात. तासाभरात पन्नास-शंभर संयुगं एकामागून एक दाराशी येतात आणि पडद्यावर प्रत्येकाचं एक शिखर उमटतं. दाराशी मास स्पेक्ट्रोमीटर उभा असतो. तो प्रत्येक रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे तुकडे करतो आणि तुकड्यांचं वजन नोंदवतो. संगणकातल्या हजारो नोंदींशी हा तुकड्यांचा नमुना ताडून पाहिला जातो आणि नाव सुचवलं जातं. पाषाणला ज्या कामाला महिने लागायचे ते दुपारच्या चहाच्या आत आटोपतं.

आणि गफलत होते ती इथेच. जटामांसोनचं सूत्र घ्या: पंधरा कार्बन, सव्वीस हायड्रोजन, एक ऑक्सिजन. पंधरा गुणिले बारा एकशे ऐंशी, त्यात सव्वीस आणि सोळा मिळवले की २२२. आता पाचोली अल्कोहोल घ्या. ते तगरीच्या तेलात भेटतं, पाचोलीच्या अत्तरात तर मुख्यच. सूत्र तेच, वजन २२२. कॅडिनॉल, युडेस्मॉल, बिसाबोलॉल, सगळी २२२. पंधरा-कार्बनी कुळात या वजनाच्या भावंडांची रांगच आहे, आणि मारा केल्यावर त्यांचे तुकडेही बरेचसे सारखे पडतात. संगणकाला हे कळत नाही असं नाही. तो आपला ‘जुळणी नव्वद टक्के’ असं सांगतो. पुढचं नावही एकोणनव्वद टक्के जुळतं हे तो दुसऱ्या ओळीत सांगत असतो, पण दुसरी ओळ वाचायची कुणी तसदी घेत नाही.

यावर उपाय १९५८ पासून उपलब्ध आहे. एर्विन कोव्हाट्स या हंगेरियन वंशाच्या रसायनतज्ज्ञानं स्वित्झर्लंडमध्ये तो काढला. पॅराफिन मेणाच्या कुळातल्या साध्या सरळ हायड्रोकार्बनांची मालिका त्याच नळीतून सोडायची. सोळा कार्बनचा जिथे बाहेर येतो तिथे १६०० ची खूण, सतरा कार्बनचा येतो तिथे १७०० ची. मधे येणाऱ्या प्रत्येक संयुगाला या दोन खुणांमधला आकडा मिळतो. मिनिटं यंत्रागणिक बदलतात, हा आकडा त्याच प्रकारच्या नळीवर फारसा बदलत नाही. नेहमीच्या वापरातल्या नळीवर पाचोली अल्कोहोल १६५६ च्या आसपास येतं, व्हॅलेरेनोन १६७४ च्या. वजन एकच, पण बाहेर पडण्याची जागा वेगळी. वजन आणि जागा या दोन्ही साक्षी जुळल्या तरच नाव पक्कं धरायचं. तरीही शंका उरली तर शुद्ध नमुना आणून त्याच नळीतून सोडून पाहायचा. तेलावरचा निबंध हाती आला की मी आधी हा आकड्यांचा रकाना आहे का ते पाहतो. नसेल तर साठ संयुगांची ती देखणी यादी मनावर घेत नाही.

दुसरा खड्डा टक्क्यांचा. ‘व्हॅलेरेनोन इतके टक्के’ असं लिहिलेलं असतं, ते शिखराखालच्या क्षेत्रफळाचे टक्के असतात, वजनाचे नव्हेत. निरनिराळे रेणू त्याच मापकात कमी-जास्त बोलतात. एखादं संयुग खरोखर किती मिलिग्रॅम आहे हे हवं असेल तर ज्याचं प्रमाण माहीत आहे असा पदार्थ तेलात मुद्दाम मिसळून तुलना करावी लागते. गोळीसाठी लागतो तो हा आकडा. निबंधात बहुतेकदा पहिला असतो.

तिसरा खड्डा सगळ्यांत लोकप्रिय आहे. तेलात अमुक संयुग सापडलं, ते संयुग कुठेतरी जंतुनाशक ठरलं होतं, म्हणून हे तेल, पर्यायानं ही वनस्पती, जंतुनाशक. जाहिरातदारानं असं लिहिलं तर समजू शकतो. पण तेलातलं एक टक्का संयुग पोटात गेल्यावर रक्तात किती पोचतं, हा प्रश्न त्या वाक्यात कुठेच नसतो. असीमाबाईंनी रसायनाच्या शेजारी रुग्णालय मागितलं होतं ते यासाठीच.

सॉल्ट लेकमध्येच वासाचा अभ्यास अगदी उलट बाजूनं करणारी मंडळीही आहेत. पुणेकरांना सी-डॅक म्हणजे परम महासंगणक आठवतो. याच संस्थेच्या सेक्टर पाचमधल्या केंद्रानं जादवपूर विद्यापीठाबरोबर चहासाठी ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ विकसित केलं. त्यात धातूंच्या ऑक्साइडचे काही संवेदक असतात. चहाच्या वाफा त्यांच्यावरून गेल्या की प्रत्येकाचा विद्युत-विरोध वेगवेगळ्या प्रमाणात बदलतो. कोणता रेणू किती, याची चौकशी हे यंत्र करत नाही. सगळ्या संवेदकांचा मिळून जो नमुना येतो तो चहा चाखणाऱ्या तज्ज्ञाच्या निकालाशी जोडून शिकवला जातो. मग आंबवणं कधी थांबवायचं ते यंत्र सांगू लागतं. काष्ठौषधींच्या घाऊक बाजारात पोती उतरत असताना संशयित पोतं बाजूला काढायला असलं नाक उपयोगी पडेल असं मला वाटतं. पण त्यानं बाजूला काढलेल्या पोत्यात नेमकं काय आहे, हे सांगायला पुन्हा ती तीस मीटरची नळीच लागेल.

पोत्यांचा हा विषय आता निव्वळ शुद्धतेचा राहिलेला नाही. जटामांसी खणली की झाड संपतं, कारण हवा असतो तो जमिनीखालचा भागच. १९९७ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली, म्हणजे परवान्याच्या बंधनात आला. निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ती अतिसंकटग्रस्त वर्गात आहे. माल दुर्मिळ झाला की भाव चढतो, आणि भाव चढला की भूतकेशी आणि तगर जटामांसीच्या नावानं जास्त विकली जाते. दुसरीकडे परवाना चुकवायचा असेल तर खरी जटामांसी एखाद्या साध्या मुळाच्या नावानं सीमा ओलांडते. दोन्ही वेळी तपासनिसाला केसाळ तुकड्यांपेक्षा तेलाचा आलेख जास्त सांगतो.

फक्त त्याला ताडून पाहायला एक खात्रीचा आलेख असून भागत नाही. तगरीच्या तेलात एके ठिकाणी पाचोली अल्कोहोल भरभरून असतं, तर दुसऱ्या डोंगरावरच्या तगरीत त्याची जागा मालिओल घेतं. झाड तेच, तेल निराळं. जटामांसीचंही तेल उंची, ऋतू आणि वय यांनुसार बदलतं. म्हणून आता पिथौरागढपासून सिक्कीमपर्यंतचे, वेगवेगळ्या उंचीवरचे, लागवडीतले आणि रानातले, प्रत्येकी वनस्पतिसंग्रहात कागद असलेले नमुने गोळा करून त्यांच्या तेलांचे आलेख शेजारीशेजारी ठेवावे लागतात. त्यांत जे सगळीकडे टिकतं ते जटामांसीचं, आणि जे हलतं ते त्या डोंगराचं.